मयताच्या मिळकतीचा कारभारी कोण?

उपदेशक व मंडळ्यांतील अभ्यासवर्ग यांच्यासाठी एक पाठ

आपल्या मंडळीतील एखाद्या घरी मृत्यू झाला म्हणजे उपदेशक व वडील तेथे जातात, प्रार्थना करितात, दफनाची व्यवस्था पाहतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपापल्या कामास लागतात. त्यानंतर त्या घरात जो प्रश्न उठतो, त्याकडे मात्र आपण बहुधा पाठ फिरवितो. तो प्रश्न असा की, मयताची जमीन, घर, गुरेढोरे, बँकेतील ठेव व देणेघेणे यांचा कारभार आता कोण पाहतो, आणि कोणत्या अधिकाराने पाहतो? असे विचारणे म्हणजे लोभ दाखविणे, अशी पुष्कळांची समजूत आहे. आमचीही तशीच होती. त्या समजुतीमुळे एका विधवा बाईचे काय झाले हे प्रथम सांगतो, म्हणजे हा पाठ आम्ही का लिहितो ते ध्यानात येईल.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एक वृद्ध शाळामास्तर मरण पावले. मागे पत्नी, एक मुलगा व लग्न होऊन सासरी गेलेल्या दोन मुली. अडीच एकर जिराईत जमीन, एक लहान घर, बैलजोडी व बँकेत थोडी ठेव, एवढी त्यांची मिळकत होती. मुलगा गावीच राहत असल्यामुळे किल्ल्या त्याच्या कमरेस आल्या. दोन महिन्यांनी धाकटी मुलगी आमच्याकडे येऊन म्हणाली, “पाळकसाहेब, बाबांच्या मागे सगळा कारभार कोण पाहतो एवढे तरी आम्हांला कळू द्या. दादाला विचारले तर तो म्हणतो, ‘मी घरचा मुलगा, आणखी कोण पाहणार?’” आम्ही तीस उत्तर दिले, “ताई, बापाच्या कबरेवरची माती अजून ओली आहे. आताच हिशेब कशाला? शांतीने राहा.” ती काही न बोलता उठून गेली.

मास्तरांच्या मृत्यूस दहा महिने झाल्यावर एका सभेत एक जुने शिक्षक भेटले. त्यांनी सहज विचारले, “मास्तरांच्या मृत्युपत्रावर मी साक्षीदार म्हणून सही केली होती, त्याचे पुढे काय झाले?” मृत्युपत्र आहे हे आम्हांस ठाऊक नव्हते, घरच्या बाईलाही ठाऊक नव्हते. मुलीने तालुक्याच्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून नक्कल काढिली. तीत असे होते की, ठेव पत्नीच्या पोषणासाठी, घर तिच्या हयातीपर्यंत तिच्या राहण्यास, आणि जमीन तिन्ही मुलांस सारखी. हे सर्व अमलात आणण्यास मास्तरांनी आपल्या एका जुन्या सोबत्यास नेमिले होते. तो गृहस्थ दुसऱ्या तालुक्यात राहत होता, आणि आपणांस कोणी बोलाविले नाही, तेव्हा घरच्यांनी आपसांत मिटविले असेल असे समजून स्वस्थ बसला होता. तोपर्यंत ठेवीतील बहुतेक रक्कम खर्चून गेली होती, बैलजोडी विकली होती, आणि सातबाऱ्यावर एकट्या मुलाचे नाव चढले होते. पुढे त्या गृहस्थाने काम हाती घेतले. जमिनीची नोंद अपिलात दुरुस्त झाली. ठेवीची रक्कम मुलाने हप्त्यांनी भरण्याचे लिहून दिले. त्यांपैकी काही हप्ते आले, काही आले नाहीत. बाईने आम्हांस कधी दोष दिला नाही. पण दोष आमचा होता. दोन महिन्यांच्या आत जो प्रश्न तिच्या मुलीने विचारिला, त्याचे उत्तर शोधण्यास दोन दिवस पुरे होते.

१. किल्ली आणि अधिकार

ज्याच्या हाती किल्ली तो कारभारी, अशी खेड्याची रीत आहे. कायद्याची रीत निराळी आहे. भारतीय ख्रिस्ती मनुष्याच्या मिळकतीस १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मयत मृत्युसमयी कोणत्या धर्माचा होता यावरून कायदा ठरतो. म्हणून ज्यांचे आईबाप अथवा भाऊ हिंदू आहेत त्यांनी त्या नातलगांच्या मिळकतीविषयी १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा पाहावा. गोव्यातील वारशाचा कायदाही निराळा आहे. त्याचे मूळ पोर्तुगीज कायद्यात आहे. तेथील वाचकांनी तेथीलच जाणत्या वकिलास विचारावे.

१९२५ च्या कायद्यात खरा कारभारी दोन प्रकारचा आहे. मृत्युपत्रात ज्यास नेमिले आहे तो एक. त्यास कोर्टात एक्झिक्युटर म्हणतात. मृत्युपत्र नसता, किंवा असूनही त्यात कोणी नेमलेला नसता, कोर्ट ज्यास नेमिते तो दुसरा. त्यास ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात. कलम २११ सांगते की, असा मनुष्य मयताचा कायदेशीर प्रतिनिधी होय आणि मिळकत त्या नात्याने त्याच्या स्वाधीन होते. त्या नात्याने, हे शब्द ध्यानात ठेवावे. मिळकत त्याच्या हाती येते ती त्याची म्हणून नव्हे. मयताचे देणे फेडावे आणि उरेल ते ज्याचे त्यास द्यावे यासाठी येते.

या दोघांवाचून आणखी काही माणसे कारभारी म्हणून पुढे येतात. त्यांस ओळखून ठेवावे. बँकेच्या कागदावर ज्याचे नाव लागलेले असते तो नॉमिनी. बँक त्याच्या हाती पैसे देऊन मोकळी होते; परंतु त्यामुळे तो पैशाचा मालक होत नाही. बँकेतील ठेवीविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली व कंपन्यांच्या शेअरांविषयी २०२३ साली असेच सांगितले आहे. विम्याची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. २०१५ च्या दुरुस्तीपासून विमेदाराने आपले आईबाप, पति अथवा पत्नी किंवा मुले यांस नॉमिनी केले असल्यास ती रक्कम सामान्यतः त्यांचीच होते. वर सांगितलेल्या मास्तरांच्या मुलाचे नाव बँकेत नॉमिनी म्हणून होते, आणि त्याच बळावर तो सर्व मिळकतीचा धनी झाला होता.

दुसरा असतो सातबाऱ्यावरचा जुना कर्ता. पुष्कळ उताऱ्यांवर वडील भावाच्या नावापुढे “ए. कु. मॅ.” किंवा “ए. कु. क.” अशी अक्षरे दिसतात. ती एकत्र कुटुंबाचा मॅनेजर अथवा कर्ता या अर्थाची आहेत. त्यावरून इतर भावंडांचा हक्क नाहीसा झाला असे समजू नये.

तिसरा तो, ज्यास कोणी नेमिले नाही, पण जो आपण होऊन मयताच्या मालास हात घालितो. यास कायदा निर्दोष समजत नाही. कलम ३०३ प्रमाणे जो अधिकारावाचून मिळकतीत ढवळाढवळ करितो, तो आपल्याच चुकीने एक्झिक्युटर बनतो, म्हणजे त्याचे सर्व ओझे त्याच्या माथी येते आणि खऱ्या कारभाऱ्यास व सावकारांस त्याला जाब द्यावा लागतो. माल नासू नये म्हणून जपून ठेविणे, दफनाचा खर्च करणे, घरच्यांच्या तात्काळ गरजा भागविणे, एवढे करणाऱ्यास मात्र हा दोष लागत नाही. म्हणून ज्या मुलाने बापाची गुरे चारली, पीक राखले व आईस खाऊ घातले, त्याच्यावर कोणी संशय घेऊ नये. त्याने बैल विकले तेव्हा गोष्ट बदलली.

२. पहिला शोध: मृत्युपत्र आहे काय?

कारभारी शोधावयाचा तर आरंभ मृत्युपत्रापासून करावा. घरातील ट्रंक, कपाट, बँकेचे पुस्तक ठेविण्याची जागा व जमिनीच्या कागदांचे बोचके ही सर्वांसमक्ष पाहावी. मृत्युपत्रावर दोन साक्षीदार लागतात, म्हणून कागद न सापडला तरी दोन माणसांस त्याची माहिती असण्याचा संभव आहे. मयताचे जुने सोबती, शेजारी, लिहून देणारा वकील आणि मंडळीचे वडील यांस विचारावे.

मृत्युपत्र नोंदविलेच पाहिजे अशी सक्ती नाही. न नोंदविलेलेही चालते. परंतु पुष्कळ लोक ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवितात. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्युपत्रांची नोंद तिसऱ्या क्रमांकाच्या पुस्तकात होते. करणारा जिवंत असेतोपर्यंत त्याची नक्कल त्यास किंवा त्याच्या मुखत्यारासच मिळते. तो मरण पावल्यावर जो कोणी अर्ज करील त्यास मिळते. ही गोष्ट खेड्यात फारच थोड्यांस ठाऊक आहे. मृत्यूचा दाखला, मयताचे पूर्ण नाव व अंदाजे साल घेऊन अर्ज करावा आणि शोधाची व नकलेची फी भरावी. मयत ज्या ज्या तालुक्यात राहिला किंवा नोकरीस होता तेथील कचेऱ्याही पाहाव्या. काही लोक आपले मृत्युपत्र पाकिटात मोहोरबंद करून जिल्हा निबंधकाकडे ठेवितात. ठेविणारा मेल्यावर अर्ज केल्यास ते पाकीट अर्जदारासमक्ष उघडितात.

मृत्युपत्र सापडले म्हणजे तीन गोष्टी पाहाव्या. तारीख कोणती, साक्षीदार कोण, आणि एक्झिक्युटर कोण. एकाहून अधिक मृत्युपत्रे असल्यास शेवटचे खरे. ख्रिस्ती मनुष्याने लग्नापूर्वी केलेले मृत्युपत्र लग्नाने रद्द होते, हेही ध्यानात असावे.

नेमलेला मनुष्य सापडला म्हणजे त्याने काम पत्करिले आहे की नाही हे त्यासच विचारावे. पत्करण्याची त्यावर सक्ती नाही. न्यायाधीशासमोर तोंडाने किंवा सहीनिशी लिहून तो नाकारू शकतो. तो होय म्हणत नाही व नाहीही म्हणत नाही, असे असल्यास ज्यांचा हितसंबंध आहे त्यांस कोर्टात जाता येते, आणि कोर्ट त्यास समन्स काढून विचारिते की, तू पत्करितोस की सोडितोस? मास्तरांच्या सोबत्यास असे समन्स लागले नाही. एक पत्र पुरे झाले. ते पत्र दहा महिने कोणी लिहिले नाही, एवढेच.

३. मृत्युपत्र नसेल तर

अशा वेळी पुष्कळदा खरे उत्तर असे असते की, कायदेशीर कारभारी अद्याप कोणीच नाही. ज्याच्या हाती किल्ली आहे तो केवळ राखणदार आहे, आणि मिळकत सर्व वारसांची आहे. इतर समाजांप्रमाणेच भारतीय ख्रिस्ती वारसांवर कोर्टातून ॲडमिनिस्ट्रेटर नेमून घेतलाच पाहिजे अशी सक्ती नाही. सर्वांचे एकमत असेल तर ते मिळून कारभार पाहू शकतात. एकमत नसेल, किंवा देणेघेणे मोठे असेल, तर जिल्हा न्यायालयाकडे अर्ज करून कोणास तरी नेमून घ्यावे.

तो कोण असावा? कलम २१९ सांगते की, मयतास विधवा असल्यास, तीस वगळण्याचे काही कारण कोर्टास दिसत नसल्यास, अधिकार विधवेस द्यावा. कोर्टास वाटल्यास तिच्या सोबतीस दुसरा कोणी देता येतो. पत्नी मरण पावल्यास तिच्या मिळकतीविषयी पतीस हाच हक्क आहे. आपल्या खेड्यांत विधवेस सर्वांच्या शेवटी विचारितात. कायदा तीस सर्वांच्या आधी विचारितो.

वाटणीचा नियमही येथेच सांगतो, कारण वाटा माहीत नसला म्हणजे हिशेब विचारता येत नाही. विधवा व मुले मागे राहिल्यास एक तृतीयांश विधवेस व दोन तृतीयांश मुलांस. मुलगा व मुलगी यांत भेद नाही, आणि लग्न झाल्याने मुलीचा वाटा जात नाही. समजा, देणे फेडून ९०,००० रुपये उरले, आणि विधवा, एक मुलगा व दोन मुली आहेत. विधवेस ३०,००० व प्रत्येक मुलास अथवा मुलीस २०,००० रुपये येतील. मुलेबाळे व नातवंडे कोणीच नसून इतर रक्ताचे नातलग असल्यास विधवेस निम्मे जाते. तेही कोणी नसल्यास सर्व तिचेच.

“मुलीने बापाच्या जमिनीचे विचारू नये” असे म्हणणाऱ्यांस आम्ही गणनेच्या पुस्तकातील सलाफहादाच्या पाच मुलींची आठवण देतो. त्या मोशे, याजक व सरदार यांच्यापुढे उभ्या राहून आपल्या बापाचा वाटा मागत्या झाल्या, आणि त्यांचे म्हणणे योग्य ठरले. आपल्या देशातही असे घडले आहे. त्रावणकोर संस्थानात १९१६ च्या कायद्याने ख्रिस्ती मुलीस मुलाच्या वाट्याच्या चौथ्या हिश्श्याइतके किंवा ५,००० रुपये, यांत जे कमी असेल तेवढेच मिळे. मेरी रॉय नावाच्या बाईंनी त्याविरुद्ध दाद मागितली, आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने तेथील ख्रिस्ती लोकांसही १९२५ चाच कायदा लागू आहे असा निकाल दिला. ज्या हक्कासाठी त्या बाईंस सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, तो महाराष्ट्रातील ख्रिस्ती मुलींस कायद्याने आधीच आहे. त्यांस तो ठाऊक मात्र नसतो.

४. कोठे विचारावे?

तलाठ्याची चावडी. आता तलाठ्यास ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे वारशाने जमीन आलेल्या मनुष्याने ३ महिन्यांच्या आत ही खबर द्यावयाची असते. वारसांची प्रकरणे गाव नमुना ६-क मध्ये, फेरफार नमुना ६ मध्ये आणि वाद असलेली प्रकरणे नमुना ६-अ मध्ये लिहितात. फेरफाराची प्रत चावडीत लावितात आणि संबंध असलेल्या लोकांस नोटीस देतात. हरकत घेण्यास १५ दिवस मिळतात. ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावरही या नोटिसा पाहता येतात. परगावी दिलेल्या मुलींस तो मोठा आधार आहे. वारसाचा अर्ज कोणी दिला व त्यात कोणाची नावे लिहिली, हे या वह्यांवरून कळते. नाव गाळले असल्यास लेखी हरकत द्यावी व पोच घ्यावी. नोंद मंजूर होऊन गेली असल्यास प्रांतसाहेबांकडे अपील करावे. २०२५ साली सरकारने ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढून मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लाविली. त्या वेळी आपल्या शेतावर कोणाची नावे लागली ते प्रत्येकाने पाहून घ्यावे. सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे मालकी कायमची ठरली असे मात्र नाही. ती महसुलाची नोंद आहे. मालकीचा वाद दिवाणी कोर्टात मिटतो.

ग्रामपंचायत. घराची नोंद नमुना ८ मध्ये असते. मृत्यूची नोंद व दाखला बहुधा येथेच मिळतो. दाखल्याच्या पाच-सहा प्रती आरंभीच घ्याव्या, कारण पुढे प्रत्येक कचेरी तो मागते.

कोर्ट. मयत जेथे राहत होता तेथील दिवाणी न्यायालयांत आणि जिल्हा न्यायालयात चौकशी करावी की, अमुक मयताविषयी कोणी अर्ज केला आहे काय? हे अर्ज चार प्रकारचे असतात. मृत्युपत्र खरे ठरवून घेण्याचा तो प्रोबेटचा. ॲडमिनिस्ट्रेटर नेमण्याचा दुसरा. मयताचे येणे व रोखे वसूल करण्यापुरता तो सक्सेशन सर्टिफिकेटचा. हे सर्टिफिकेट पैसे वसूल करण्याचा अधिकार देते, मालकी ठरवीत नाही. चौथा वारस दाखल्याचा. तो मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनप्रमाणे आजही मिळतो. प्रोबेटचा किंवा ॲडमिनिस्ट्रेटर नेमण्याचा अर्ज आला म्हणजे कोर्टास हितसंबंधी लोकांस बोलाविण्याची जाहीर नोटीस काढिता येते, आणि ती कोर्टाच्या इमारतीत व जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत लावितात. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराचे नाव घालूनही शोध घेता येतो. मयताचे राहणे मुंबईस असल्यास मुंबई उच्च न्यायालयात मृत्युपत्रांच्या कामाचा स्वतंत्र विभाग आहे तेथे विचारावे. पुढे कोणी गुपचूप अर्ज करील अशी भीती असल्यास आधीच कॅव्हेट दाखल करावे, म्हणजे आपणांस कळविल्यावाचून काम पुढे जाणार नाही. ख्रिस्ती मनुष्याच्या मृत्युपत्रास प्रोबेट घेतलेच पाहिजे अशी सक्ती २००२ पासून नाही. म्हणून कोर्टात काही सापडले नाही, तर मृत्युपत्र नाही किंवा कारभारी नाही असे लगेच अनुमान करू नये.

बँक, पोस्ट व विमा. येथे कोणीही जाऊन विचारल्यास माहिती मिळत नाही. वारस आहोत याचे कागद दाखवून, मृत्यूच्या दाखल्यासह, लेखी अर्ज द्यावा. जुन्या, कोणी न मागितलेल्या ठेवींचा शोध घेण्यास रिझर्व्ह बँकेने २०२३ साली ‘उद्गम’ नावाचे संकेतस्थळ काढिले आहे.

मंडळीची वही. बाप्तिस्मा, लग्न व दफन यांच्या वह्यांवरून पत्नी कोण, मुले कोण हे सिद्ध करिता येते. जी वही उंदीर कुरतडितात ती एखाद्या विधवेचा एकच पुरावा असेल. उपदेशकांनी ती कुलपात ठेवावी, आणि मागणाऱ्या वारसास उतारा देण्यास विलंब करू नये.

५. कारभाऱ्यास काय विचारावे?

कारभारी कोण हे कळले म्हणजे अर्धे काम झाले. कोर्टाकडून प्रोबेट किंवा अधिकारपत्र घेतलेल्या कारभाऱ्याने, ते मिळाल्यापासून ६ महिन्यांच्या आत मिळकतीची यादी व एका वर्षाच्या आत जमाखर्च कोर्टात दाखल करावयाचा असतो. आधी दफनाचा व शेवटच्या आजाराचा खर्च, मग कारभाराचा खर्च व देणी, आणि त्यानंतर वाटणी, हा क्रम आहे. मृत्युपत्राने दिलेली देणगी मृत्यूपासून एक वर्ष होईपर्यंत देण्यास तो बांधलेला नाही. म्हणून तीन महिन्यांत वाटा न मिळाल्यास लगेच त्यास चोर म्हणू नये. परंतु यादी दाखविण्यास चांगल्या मनुष्यास अडचण नसते. त्याने मिळकत उधळिली तर ती भरून देण्यास तो जबाबदार आहे.

मिळकत कोणी खोट्या हक्काने किंवा जबरीने बळकाविली असल्यास, खऱ्या वारसास जिल्हा न्यायाधीशाकडे तातडीचा अर्ज करिता येतो. पण तो मृत्यूपासून ६ महिन्यांच्या आतच. मागाहून नेहमीचा दावा करिता येतो, पण त्यास वर्षे लागतात. मास्तरांच्या मुलीस आम्ही शांतीने राहावयास सांगितले तेव्हा या सहा महिन्यांपैकी चार शिल्लक होते.

विचारण्याची रीत सौम्य असावी व ती कागदावर असावी. नमुना येणेप्रमाणे:

“रा. रा. अमुक यांस सप्रेम सलाम. अमुक गावचे कै. अमुक हे अमुक तारखेस मरण पावले. मी त्यांची कन्या आहे. त्यांच्या मिळकतीचा कारभार आपण पाहता असे कळते. तरी, आपण तो मृत्युपत्राने, कोर्टाच्या हुकुमाने, की वारसांच्या संमतीने पाहता, हे कृपा करून कळवावे. मृत्युपत्र असल्यास त्याची नक्कल व मिळकतीची यादी पाठवावी. तोपर्यंत कोणताही जिन्नस विकू नये ही विनंती. उत्तर १५ दिवसांत यावे. कळावे.”

हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी. या पत्रात कोणावर आरोप नाही. भाऊ प्रामाणिक असेल तर त्यास उत्तर देणे सोपे जाईल, आणि गावातील कुजबुजही थांबेल. न विचारिल्याने प्रामाणिक कारभाऱ्यावरही संशय राहतो, ही गोष्ट आपण विसरतो. उत्तर न आल्यास वकिलास भेटावे. स्त्रियांस, मग त्यांचे उत्पन्न काहीही असो, तालुका विधि सेवा समितीकडून सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. ही सोय १९८७ च्या कायद्याने झाली आहे. आणि जेथे कोणीच वारस पुढे येत नाही, तेथील मिळकत सांभाळण्यास मुंबई येथे ॲडमिनिस्ट्रेटर जनरल नावाचा सरकारी अधिकारी आहे.

६. उपदेशकांस विनंती

दफनानंतर पंधरा दिवसांनी त्या घरी पुन्हा एकदा जावे. प्रार्थना झाल्यावर घरच्या सर्वांसमक्ष, विधवेस जवळ बसवून, तीन प्रश्न विचारावे. मृत्युपत्र आहे काय, व ते पाहिले काय? कारभार कोणी पाहावयाचा ठरले आहे? तलाठ्याकडे सर्व वारसांची नावे दिली काय? उपदेशकाने कोणाचा पक्ष घेऊ नये, वाटणी करावयास बसू नये, आणि स्वतः पैसे सांभाळावयास घेऊ नयेत. त्याने केवळ हे प्रश्न उघड विचारावे. उघड विचारिलेला प्रश्न भांडण लावितो असे आम्हांस पूर्वी वाटे. आम्ही पाहिलेली बहुतेक भांडणे न विचारिलेल्या प्रश्नांतून निघाली आहेत.

ज्यांनी मृत्युपत्र केले आहे त्यांस एकच सांगणे. ते कोठे ठेविले आणि एक्झिक्युटर कोण, हे पत्नीस व त्या नेमलेल्या मनुष्यास आजच सांगावे. मास्तरांनी सर्व नीट लिहिले होते. सांगावयाचे तेवढे राहिले.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. एक्झिक्युटर, ॲडमिनिस्ट्रेटर व नॉमिनी यांत भेद काय?

२. मृत्युपत्र करणारा मरण पावल्यावर नोंदलेल्या मृत्युपत्राची नक्कल कोणास मिळू शकते, आणि कोठून?

३. एका मनुष्याच्या मागे विधवा, दोन मुलगे व दोन मुली आहेत, मृत्युपत्र नाही, देणे फेडून १,२०,००० रुपये उरले. प्रत्येकास किती येतील?

४. घरच्या मुलाने मृत्यूनंतर आईच्या औषधास पैसे खर्च केले व पुढे बैल विकले. या दोन कृत्यांत कायदा कोणता भेद करितो?

५. आपल्या मंडळीत गेल्या वर्षी ज्या घरी मृत्यू झाला, तेथे वरील तीन प्रश्न कोणी विचारिले काय? नसल्यास या आठवड्यात कोण जाईल?